दूरचे संग्रह वाचताना

शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत जळाला. पेशव्यांचा दरबार जिथे भरत असे ती दालने, त्यांचे खांब, छत, रंगकाम सारे तिथेच संपले. आज वाड्यात जाणाऱ्याला तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती तेवढी दिसतात. तो दरबार कसा दिसत असेल याची कल्पना करायला काही आधार हवा असेल, तर तो लंडनच्या टेट संग्रहालयात सापडतो. टॉमस डॅनियल या चित्रकाराचे १८०५ सालचे एक भव्य तैलचित्र तिथे आहे. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० साली तह करतो आहे, हा त्याचा विषय. टेटच्या संकेतस्थळावर ते आता कोणालाही घरबसल्या पाहता येते.

चित्र पाहून झाले आणि त्याच्यामागची हकिकत वाचायला घेतली, की मात्र मनात प्रश्न उभे राहतात. डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांच्या आधाराने त्याने हे चित्र उभे केले, तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत आला तोच १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर. पुढे पुण्यात राहून त्याने दरबारातली माणसे समोर बसवून रंगवली आणि १७९५ साली तो इकडेच वारला. तेव्हा यातले चेहरे प्रत्यक्ष पाहून केलेल्या कामातून आलेले आहेत, प्रसंग मात्र कित्येक वर्षांनी विलायतेत जुळवलेला आहे. हे कळल्याने चित्राची किंमत कमी होत नाही. उलट त्यातल्या कोणत्या भागावर किती विसंबायचे हे कळते, आणि अभ्यासाला तिथूनच सुरुवात होते.

जुने ग्रंथ, नकाशे आणि संग्रहालयांतल्या वस्तू यांची ऑनलाइन प्रदर्शने कशी पाहावीत, यासाठी हे पुस्तक आहे. त्याच्या मुळाशी एकच विचार आहे. चित्र आपल्याला थांबवते, पण पुढे नेते ती त्या चित्राची नोंद: वस्तू कोणी केली, केव्हा केली, कशावर केली, कोणाकोणाच्या हातांतून ती इथवर आली आणि हे सारे आपल्याला कशावरून कळले. प्रतिमा पाहून नोंद न वाचता पुढे जाणारा माणूस संग्रहाच्या दारातूनच परत फिरतो. आणि नोंद वाचता येऊ लागली, की मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट लक्षात येते: दूरदेशीच्या पुष्कळ नोंदी अपुऱ्या आहेत, आणि त्या पुऱ्या करण्याइतके ज्ञान आपल्याकडे आहे.

ऑनलाइन संग्रहांचे हे दालन उघडले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९७ साली ‘गॅलिका’ हा डिजिटल संग्रह सुरू केला. डेव्हिड रम्सी या अमेरिकन संग्राहकाने आपले नकाशे विसावे शतक संपता संपता सर्वांसाठी खुले करायला घेतले. आज त्या संग्रहात लाखाहून अधिक नकाशे आणि चित्रे आहेत. २०११ साली गूगलने सतरा संग्रहालयांना सोबत घेऊन कलासंग्रहांचा प्रकल्प मांडला. त्याच वर्षी येल विद्यापीठाने स्वामित्वहक्काबाहेरच्या आपल्या वस्तूंच्या प्रतिमा विनामूल्य वापरू देण्याचे धोरण जाहीर केले. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपली चित्रे उतरवून घ्यायची, हवी तशी वापरायची मुभा लोकांना दिली. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची तिथली प्रतिमा आज इतकी बारीक आहे, की रंगाचा सुटा कण दिसतो. एवढी प्रचंड प्रतिमा साध्या फोनवर उघडते, कारण ती अखंड पाठवलीच जात नाही. वेगवेगळ्या मापांत तिचे लहान चौकोनी तुकडे करून ठेवलेले असतात आणि आपण ज्या कोपऱ्यावर थांबतो तेवढेच तुकडे आपल्यापर्यंत येतात. ग्रंथालयांनी मिळून प्रतिमांच्या देवाणघेवाणीची एक सामाईक पद्धत ठरवल्यामुळे आता दोन वेगळ्या देशांतली पाने एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून ताडूनही पाहता येतात.

इथे एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवा. ऑनलाइन प्रदर्शन आणि ऑनलाइन संग्रह या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात अभिरक्षकाने निवडलेल्या मोजक्या वस्तू असतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामागे एक म्हणणे असते. नवख्या माणसाला ते हाताला धरून फिरवते. संग्रहात सगळे काही असते, पण काय विचारायचे हे आपल्याला माहीत असावे लागते. प्रदर्शनातून संग्रहात उतरण्याची वाट म्हणजे वस्तूचा दाखल क्रमांक. प्रदर्शनात एखादी वस्तू आवडली तर तिचा क्रमांक टिपून घ्यावा, तो संग्रहाच्या शोधात टाकावा, आणि तिच्या आगेमागे त्याच देणगीतून आलेल्या आणखी कोणत्या वस्तू आहेत ते पाहावे. अभिरक्षकाने जे निवडले नाही ते पुष्कळदा आपल्याच उपयोगाचे असते.

गंगाराम तांबटाचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. हा पुण्याचा चित्रकार मॅलेटच्या नोकरीत होता आणि वेल्सच्या सहवासात त्याने पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन आत्मसात केले. वेरूळची लेणी, कुस्तीगीर, पेशव्यांनी पाळलेली जनावरे यांची त्याने काढलेली चित्रे अमेरिकेत न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. २०११ साली त्या संस्थेने ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील चित्रसंग्रहांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा गंगाराम पुन्हा लोकांसमोर आला. त्याने १७९० साली काढलेला गेंडा आज कोणीही पाहू शकतो: जाड कातडीच्या घड्या, जमिनीवर रोवलेले पाय, प्राण्याकडे निरखून पाहिलेली नजर. पेशव्यांच्या शिकारखान्याबद्दल बखरींत आणि दफ्तरांतल्या हिशेबांत ज्याने वाचलेले आहे, त्याला हा कागद पाहताच कितीतरी प्रश्न सुचतील. हे जनावर कुठून आले, त्याच्या वैरणीचा खर्च कुठे लिहिला आहे, त्याला सांभाळणारे कोण होते? न्यू हेवनमध्ये बसून नोंद लिहिणाऱ्या अभ्यासकाला हे प्रश्न सुचले, तरी उत्तरांचे कागद पुण्यात आहेत आणि ते मोडीत आहेत.

वेल्सने रंगवलेले सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, दरबाराचे चित्र टेटकडे, गंगारामची रेखाटने येलकडे. एका शहराच्या एका दशकाचा हा दृश्य पुरावा दोन खंडांत विखुरला आहे. पूर्वी तो एकत्र पाहायला संशोधकाला शिष्यवृत्ती आणि बोटीचे किंवा विमानाचे तिकीट लागे. आता नगर वाचनालयात बसलेल्या विद्यार्थ्यालाही ते जमते, ही गोष्ट लहान नाही.

विखुरलेले एकत्र आणण्याचा सर्वांत सुंदर प्रयत्न आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. मेवाडच्या राणा जगतसिंहाने १६४९ ते १६५३ या काळात वाल्मीकी रामायणाची सचित्र पोथी करवून घेतली. लेखन हीरानंदाचे, आणि चित्रकारांत साहिबदीन आणि मनोहर यांची नावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राणा भीमसिंहाने तिचे काही खंड इंग्रज अधिकारी जेम्स टॉड याला भेट दिले. ते विलायतेला गेले आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाकीची पाने राजस्थान, बडोदा आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा ठिकाणी राहिली. २०१४ साली ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे संग्रहालय यांनी पुढाकार घेऊन ही पोथी डिजिटल रूपात पुन्हा एकत्र मांडली. बालकांडापासून पुढे सलग चित्रे पाहत जावे, म्हणजे एकाच कथेत चित्रकाराचा हात बदलल्यावर झाडे, पाणी, गर्दी कशी बदलते ते कळते. खंड वेगळ्या कपाटांत असताना हे कोणालाच नीट दिसत नव्हते.

इथेच एक इशाराही द्यायला हवा. पाहायला मिळणे म्हणजे परत मिळणे नव्हे. कोणती वस्तू भेट म्हणून गेली, कोणती विकली गेली, कोणती लढाईनंतर लुटीत उचलली गेली, हे प्रश्न प्रतिमा खुली केल्याने मिटत नाहीत. प्रामाणिक संस्था आपल्या नोंदीत ही वाटचाल लिहितात, आणि जिथे खात्री नाही तिथे तसे लिहितात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ साली साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. ती वाघनखे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का, याची खातरजमा करता आलेली नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केलेले आहे. आपल्या भावना तीव्र असतात अशा ठिकाणी तर मूळ नोंद स्वतः उघडून वाचण्याची सवय फार मोलाची आहे. ऐकीव गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांत फरक करणे हाच इतिहासाचा पहिला धडा आहे.

ग्रंथांच्या बाबतीत वाचकाला वेगळी तयारी लागते. छापील ग्रंथाचा मजकूर शोधता येतो म्हणून आपण शब्द टाकतो, पान उघडते, आणि ग्रंथ पाहिल्याचे समाधान मिळते. पण यंत्राला जे वाचता येत नाही ते अशा शोधात दिसतच नाही. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. डच अधिकारी व्हान रेडे याने तो करवून घेतला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत मलबारचे वैद्य इट्टी अच्युदन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणीभाषक वैद्यही होते. या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणीत, नागरी अक्षरांत कोरून छापलेले आहे. नागरी अक्षरांत मराठीतले पहिले पुस्तक छापले जाण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखान्यातून निघालेली ही नागरी अक्षरे! लॅटिन शब्द टाकून शोधणाऱ्याला हे पान कधीच भेटणार नाही. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या खुल्या ऑनलाइन संग्रहात जाऊन सुरुवातीची पाने एकेक करून उलटावी लागतात. म्हणून या पुस्तकात आम्ही पुन्हा पुन्हा सांगितले आहे: शोधा, पण चाळाही. मुखपृष्ठाच्या आतली बाजू, मालकाची सही, वाचनालयाचा शिक्का, समासातले टिपण, वाळवीने खाल्लेली जागा, सगळे पाहा. ग्रंथाचे आयुष्य तिथे लिहिलेले असते.

आपल्याकडच्या दोलामुद्रितांसाठी, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतल्या पुस्तकांसाठी, ही दृष्टी विशेष उपयोगी आहे. १८०५ साली सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले आणि त्याच वर्षी मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांनी भगवद्गीता छापली गेली. एकीकडे खिळ्यांची छपाई, दुसरीकडे पोथीचेच वळण तांब्यावर उतरवण्याचा खटाटोप. दोन्हींची पाने समोर ठेवली तर त्या वर्षी मराठी मुलखासमोर छपाईचे कोणते दोन रस्ते होते, ते शब्दांशिवाय कळते.

नकाशा हा तिसरा प्रांत, आणि तिथे फसगत सर्वांत सहज होते, कारण नकाशा खरे सांगतो अशी आपली समजूत असते. जेम्स रेनेल याने १७८२ साली हिंदुस्थानचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. बंगालची मोजणी त्याने स्वतः केली होती. दख्खनच्या आतल्या भागासाठी मात्र त्याला फौजांच्या कूचांच्या नोंदींवर आणि इतरांनी दिलेल्या माहितीवर भिस्त ठेवावी लागली. साहजिकच जिथून फौज गेली तिथली गावे दाट दिसतात आणि जिथे कोणी फिरकले नाही तिथला कागद कोरा राहतो. तो कोरेपणा म्हणजे ओसाड मुलूख नव्हे. नकाशाचे शीर्षक ज्या चित्रचौकटीत लिहिले आहे ती मोठी करून पाहावी: हिंदुस्थानी पंडित आपले पवित्र ग्रंथ ब्रिटानियाच्या स्वाधीन करीत आहेत. नद्या आणि डोंगर मापाने काढणाऱ्या कागदावर सत्तेचे समर्थनही त्याच शाईने काढलेले आहे. कोपऱ्यातली ही आकृती नेहमी आधी पाहावी. नकाशा कोणासाठी केला ते ती सांगते.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवून पाहण्याची सोय अनेक संग्रहांनी केली आहे. दोन्हींवर ओळखू येणाऱ्या जागा, उदाहरणार्थ एखादे देऊळ, नद्यांचा संगम, किल्ल्याचा बुरूज, एकमेकांशी जुळवल्या की संगणक जुना कागद ताणून-आखडून आजच्या जमिनीवर पसरतो. तो कुठे किती ताणला गेला यावरून मूळ मोजणी कुठे अचूक होती आणि कुठे अंदाजाची, हेही उमगते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणानंतरचे नकाशे या कसोटीला कितीतरी चांगले उतरतात. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हे काम उभारणारा विल्यम लॅम्टन उत्तरेकडे सरकत सरकत विदर्भात पोचला आणि १८२३ साली हिंगणघाट इथे काम चालू असतानाच वारला. ज्या जागा जुळवून हे नकाशे बसवायचे असतात त्या आपल्या पायाखालच्या आहेत. कोणता माळ, कोणती टेकडी, कोणत्या गावाचे नाव पुढे बदलले, हे गावच्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार?

पडद्यावर पाहण्याच्या मर्यादा मान्य करूनच पुढे जावे. पडदा सगळ्या वस्तूंना एका मापाचे करतो. भिंतभर चित्र आणि वितभर कागद तिथे सारखेच दिसतात. म्हणून नोंदीतले माप आधी वाचावे आणि हाताने हवेत आखून पाहावे. रंग प्रत्येक उपकरणावर बदलतात. कागदाचा पोत, वजन, वास आणि आवाज यांतले काहीच पोचत नाही. मूळ वस्तूपुढे उभे राहण्याला पर्याय नाही, आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे दालन ऑनलाइन पाहून ज्याला तिथे प्रत्यक्ष जावेसे वाटले, त्याच्यापुरते ते ऑनलाइन दालन सफल झाले.

प्रतही अमर नसते. अजिंठ्याच्या चित्रांची गोष्ट याची साक्ष आहे. लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगवत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा तेच काम हाती घेतले. त्यांच्याही कित्येक प्रतिकृती १८८५ साली लंडनलाच आगीत जळाल्या. वाचलेल्या प्रतिकृती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे आहेत, आणि मधल्या काळात भिंतीवरची चित्रे जिथे अधिक झिजली, तिथे त्या आपल्याला आधार देतात. डिजिटल प्रतीही अशाच जपाव्या लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि जगभरचे अभ्यासक वापरत असलेली तिथली डिजिटल हस्तलिखिते कित्येक महिने उघडेनाशी झाली. २०१८ साली रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा उलट घडले: दालनांची आधी टिपलेली छायाचित्रे हाच कित्येक वस्तूंचा उरलेला आधार ठरला. मूळ वस्तू आणि तिची प्रत दोघी एकमेकींच्या जामीन असतात. दोन्ही सांभाळणारी माणसे आणि त्यासाठी नेमाने मिळणारा पैसा, हीच खरी सुरक्षितता.

आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने दुर्मिळ ग्रंथ, नियतकालिके आणि नकाशे ऑनलाइन आणले आहेत. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू तिच्यामुळे एका ठिकाणी पाहता येऊ लागल्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे हस्तलिखितांचे मोठे भांडार आहे. पेशवे दफ्तराचे असंख्य मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुणे पुरालेखागारात आहेत. कागद आहेत, यंत्रे आहेत. नोंदी लिहिणारे हात मात्र कमी आहेत. मोडी वाचणारा, कागदावरची तिथी लावणारा, माणसे आणि गावे ओळखणारा अभ्यासक नसेल, तर लाखो पाने कॅमेऱ्याखालून गेली तरी ती न सापडणारीच राहतात. नोंद मराठीत नसेल, तर ज्यांच्या पूर्वजांचे हे कागद आहेत त्यांनाच ती सापडणार नाही.

म्हणून या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकासाठी काम ठेवले आहे. एखादी वस्तू निवडा. तिची नोंद पूर्ण वाचा आणि आपल्या शब्दांत मराठीत लिहा. पूना, मरहट्टा अशी जुनी इंग्रजी रूपे वापरूनही शोध घ्या, कारण एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी त्याच रूपांत अडकून पडल्या आहेत. नोंदीत चुकलेले गाव, न ओळखलेली पगडी, उलटा लावलेला मोडी कागद दिसला, तर पुराव्यासह त्या संस्थेला कळवा. बहुतेक संस्थांनी त्यासाठी पत्ता दिलेला असतो. शाळेत, वाचनालयात, इतिहासमंडळात चार माणसांनी बसून मोडी शिकावी आणि आपल्या तालुक्याचा एक रुमाल वाचून काढावा.

शेकडो वर्षांचे हे धन आता आपल्या समोर उघडे आहे, ते पाहण्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र दुसऱ्या कोणावर सोपवता येणार नाही. ज्यांना ही भाषा, ही लिपी आणि ही गावे ठाऊक आहेत, त्यांच्याच वाट्याचे ते काम आहे, आणि या पुस्तकाचा वाचक त्यांच्यापैकीच एक आहे.